वर्षातून तीनदा गावी येणाऱ्यांनी आगर कसं राखावं

दापोलीच्या किनाऱ्याला, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, ज्यांचं घर कुलूपबंद आहे आणि घरामागे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या आळीत अशी घरं बरीच. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत दारं उघडतात; एरवी किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि किल्ल्यांबरोबर आगरावर नजर ठेवायचं कामही आपसूक माझ्याकडे आलं. मालक मंडळी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, माडाला कुठलं औषध मारू?" मी विचारते, "वर बघितलंस का?" बघितलेलं नसतं.

आंब्याची फांदी मोडली तर बाजूला दुसरी फुटते. माडाचं आणि पोफळीचं, म्हणजे नारळाच्या आणि सुपारीच्या झाडाचं, तसं नाही. त्यांना सगळ्या जन्मात एकच कोंब. तो कुजला किंवा कोणी कुरतडून खाल्ला की झाड संपलं, मग खाली दहा टोपल्या खत घाला नाहीतर रोज पाणी द्या. म्हणून आगर राखायचं म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी: कोंब सांभाळायचा आणि खोडाला जखम होऊ द्यायची नाही. खत, पाणी, फवारे हे सगळं त्याच्या नंतर.

आलात की आधी फेरी

बॅगा ओटीवर ठेवा, चहा घ्या आणि सकाळचं ऊन तिरपं असतानाच आगरात फिरा. हातात औषधाचा पंप नको, मोबाईल हवा. त्याचा कॅमेरा मोठा करून शेंडा बघता येतो, मान कमी दुखते.

शेंड्यात काय बघायचं? सर्वांत खालच्या एक-दोन झावळ्या पिवळ्या पडून लोंबत असतील तर काळजी नको, ती म्हातारी पानं आहेत. चांगल्या माडाच्या डोक्यावर तीस-पस्तीस झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक गळते, एक नवी येते. काळजीचं चित्र याच्या उलट असतं: बाहेरच्या झावळ्या हिरव्यागार आणि मधलं, अजून न उमललेलं पान मात्र पिवळट, तपकिरी किंवा मान टाकलेलं. हा कोंब कुजण्याचा रोग. पावसात आणि पाऊस संपता संपता तो जास्त दिसतो. असा माड दिसला तर त्याच दिवशी चढणारा गडी बोलवा. मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं आणि घाण वास सुटला तर खात्रीच झाली. कुजलेला सगळा भाग धारदार कोयत्याने ताज्या पांढऱ्या गाभ्यापर्यंत काढायचा, त्यावर बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा लेप, भरायचं (कृती पुढे आहे) आणि पाणी जाणार नाही असं मडकं किंवा प्लॅस्टिक वर उपडं घालायचं. मूळ कोंबाचा थोडा जिवंत भाग उरला असेल तर काही महिन्यांनी वेडंवाकडं का होईना, नवं पान येतं. कोंब पुरता गेला असेल तर मात्र माड वाचत नाही. तो तोडून टाकावा. पुढे सांगते त्या कारणासाठी तो तसाच उभा ठेवू नये.

दुसरी खूण म्हणजे कात्रीने कापल्यासारख्या झावळ्या. उमललेल्या पानाच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी तिरका, त्रिकोणी छाट दिसला की समजा गेंड्या भुंगा येऊन गेला. पान घडी घातलेलं असताना त्याने भोक पाडलेलं असतं, म्हणून उमलल्यावर छाट इतका नेमका दिसतो.

खोडाकडे बघताना भेगेतून गळून वाळलेला तांबूस-तपकिरी रस शोधा, शिवाय भोकातून बाहेर आलेला चावलेला काथ्या. मग जमिनीकडे. पडलेले कोवळे नारळ उचला, देठाची टोपी काढा. टोपीखाली पांढरट किंवा तपकिरी त्रिकोण असेल तर तो इरिओफाईड कोळी, ही नारळाची बारीक कीड. टोपी स्वच्छ असेल तर बहुतेक ती नेहमीची बोंडगळ. पोयीत, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यात, आलेली बरीचशी बोंडं पहिल्या दोन महिन्यांत गळतातच, माड आपल्या ताकदीपुरतीच ठेवतो. एवढ्यावरून लोक मला घाबरून फोन करतात.

गेंड्या आणि त्याच्या मागून येणारा

आमच्याकडे सगळ्यांत जास्त माड मारले ते या जोडीने. आणि याचा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाशी संबंध आहे. त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्या किनाऱ्यापर्यंत आगरं आडवी झाली. पडलेली खोडं उचलायला माणसं नव्हती, यंत्रं नव्हती, लॉकडाऊन होता. खोडं जागीच कुजली. गेंड्याची मादी अंडी घालते ती कुजणाऱ्या खोडात आणि शेणखतात. वादळात वाचलेल्या माडांवर आणि नव्या कवाथ्यांवर, म्हणजे नारळाच्या लहान रोपांवर, पुढची काही वर्षं भुंगे तुटून पडले त्यात नवल नव्हतं.

म्हणून गेंड्याचा बंदोबस्त माडावर नाही, जमिनीवर सुरू होतो. आगरात मेलेलं माडाचं खोड उभं किंवा आडवं ठेवू नका. कापून जळणाला द्या, ओंडके फोडून वाळवा, नाहीतर चार पैसे देऊन हलवा. गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, मे महिन्यात पूर्ण उपसा. जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतील. कोंबड्या त्या आवडीने खातात. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली की उरलेल्या अळ्या रोगाने मरतात. ही बुरशी कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात मिळते का ते विचारा. ती जिवंत असते, त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवून आणू नका.

मग वरचं काम. भोकातून ताजा भुसा येत असेल तर भुंगा आत आहे. टोकाला आकडा असलेल्या तारेने तो बाहेर ओढायचा. नंतर कोंबाजवळच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी आणि तेवढीच वाळू मिसळून भरायची. वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर आणि डिसेंबर. यातल्या दोन वेळा तुम्ही गावात असताच, तिसरी नाताळच्या सुट्टीत जमवा. चार-पाच वर्षांच्या आतल्या माडांना हे चुकवू नका, कारण त्यांचा कोंब हाताला येईल इतका खाली असतो आणि भुंग्यालाही तो सोपा पडतो. उंच माडावर निदान नारळ पाडायला गडी चढेल तेव्हा त्याच्या कमरेला पेंडीची पिशवी बांधून द्या. वेगळी चढाई कशाला?

गेंड्या एकटा सहसा माड मारत नाही. त्याच्या जखमेच्या वासावर येतो तो सोंड्या, तांबडा, पुढे सोंड असलेला. तो जखमेत अंडी घालतो, अळ्या आतून गाभा खातात आणि बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही. दिसतं तेव्हा शेंडा कलंडलेला असतो. शंका आली तर शांत वेळी खोडाला कान लावा. आत अळ्या असतील तर कुरतडल्याचा आवाज येतो. हे खरंच ऐकू येतं. पुण्याच्या पुतण्याला ऐकवलं तेव्हा तो दचकून मागे सरला.

सोंड्यावर उत्तम उपाय म्हणजे त्याला दार न उघडणं. चढायला सोपं म्हणून खोडात पायऱ्या खणू देऊ नका. आमच्याकडे अजून काही गडी खणतात, मी त्यांना झाडाला हात लावू देत नाही. हिरवी झावळी कापायची वेळ आली तर खोडालगत कापू नका, चारेक फूट देठ ठेवा. झुला टांगायला, वायर न्यायला, नंबराची पाटी लावायला खिळा मारू नका. नंबर हवा असेल तर रंगाने काढा. पावर टिलरचा, गवत कापायच्या यंत्राचा धक्का बुंध्याला लागला तर जखमेवर लगेच बोर्डो मलम.

बाजारात भुंग्यांना वासाने ओढणारे कामगंध सापळे मिळतात, गेंड्यासाठी वेगळे, सोंड्यासाठी वेगळे. उपयोगी आहेत, पण हेक्टरी एक सापळा पुरतो आणि तुमचं आगर बहुधा दहा-वीस गुंठ्यांचं. आपल्या कवाथ्याशेजारीच सापळा टांगला तर शेजारपाजारचे भुंगे पाहुणे म्हणून आपल्याच दारात येतात. आख्ख्या आळीने मिळून, तरुण माडांपासून दूर लावा, नाहीतर लावूच नका.

जिथे पंप कपाटातच ठेवायचा

झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणचट ठिपक्यांची गोल नक्षी, आणि खाली केळीवर, पेरूवर, तुळशीवर काजळी साचलेली: ही रुगोज सर्पिलाकार पांढरी माशी. भारतात ती २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा नोंदली गेली आणि मग किनाऱ्याने सगळीकडे पसरली. ते काळं आगर बघून मालकांचा जीव खालीवर होतो आणि ते जहाल कीटकनाशक आणतात. ते मारू नका. या माशीच्या पिलांत अंडी घालणारी एन्कार्सिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी असते. औषधाने आधी ती मरते, पांढरी माशी मात्र पुन्हा वाढते. हात पोचेल तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारा, बुंध्याला पिवळे चिकट सापळे बांधा. काजळीसाठी लिटरला दहा ग्रॅम मैद्याची किंवा स्टार्चची शिजवून गार केलेली पातळ खळ फवारली की ती वाळताना काजळीचे पापुद्रे घेऊन पडते. एरवी पहिला मोठा पाऊस हेच काम फुकट करतो.

कोळ्याचंही थोडंफार असंच. तो डोळ्याला दिसत नाही आणि नारळाच्या टोपीखाली राहतो, तिथे पानांवरचा फवारा पोचतच नाही. मुळावाटे औषध देणं सोपं. खोडापासून तीनेक फुटांवर उकरून पेन्सिलीएवढं जाड, जिवंत, तांबूस मूळ शोधा, टोक तिरकं कापा. लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत ५ टक्के ॲझाडिरेक्टिन ७.५ मिलि आणि तेवढंच पाणी घालून मूळ तळापर्यंत बुडवा, पिशवी बांधा, माती ओढा. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी झालेली हवी. तशीच भरलेली असेल तर मूळ मेलेलं होतं, दुसरं शोधा. त्याआधी तयार नारळ उतरवून घ्यावेत. मार्च-एप्रिल, सप्टेंबर आणि डिसेंबर असे तीन हात दिले, बुंध्यात पाच किलो निंबोळी पेंड घातली की फरक पडतो. मात्र पोय फुटल्यापासून नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने लागतात. आज दिलेल्या औषधाचा निकाल या वर्षीच्या नारळांत मागू नका.

मे अखेर: बोर्डो

आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पोफळीचा कोळेरोग याच पावसाचा. हिरव्या सुपाऱ्यांवर आधी पाणी शोषल्यासारखे डाग, मग बुरशी, मग सुपाऱ्यांचा सडा. एकदा सडा पडू लागला की फवारणी म्हणजे नुसतं समाधान. फवारणी मोसमी पाऊस सुरू व्हायच्या आत करायची असते.

याला बोर्डो मिश्रणासारखं दुसरं औषध नाही. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने ते शास्त्रीय रीतीने मांडलं. तिथले शेतकरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, आणि त्याच वेलींवर केवडा रोग कमी दिसला, यावरून त्याला सुचलं. पोरांनी शहाळी चोरू नयेत म्हणून आमच्याकडे जे उद्योग करतात त्यातून असं काही निघालेलं माझ्या ऐकिवात नाही.

घरच्या मापाने सांगते. दहा लिटर मिश्रणाला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घ्या. लोखंडी, पत्र्याची नको. मोरचूद कुटून पाच लिटर पाण्यात आदल्या रात्री भिजवा, फडक्यात बांधून पाण्यात लोंबता ठेवला तर लवकर विरघळतो. चुना थोड्या पाण्यात विरवा, गार होऊ द्या, मग पाच लिटर करा आणि गाळा. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, एकीकडे काठीने ढवळत राहा. चुना मोरचुदात ओतायचा नाही, तसं केलं तर मिश्रण फाटतं आणि नोझल तुंबते. आकाशी निळा रंग आला पाहिजे. मग घासून लखलखीत केलेल्या विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे आणि पानं करपतील, आणखी चुन्याचं पाणी घाला. पातं स्वच्छ राहिलं की तयार. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. मारताना अंगभर कपडे, चष्मा, तोंडाला फडकं; मोरचूद डोळ्यांत गेला तर सुट्टी दवाखान्यात जाईल.

फवारा पोफळीच्या घडांवर बसला पाहिजे, खोडावर नव्हे. सोबत थोडं चिकटद्रव्य घाला. उरलं तर माडाच्या कोंबावर ओता, कोंब कुजण्यालाही ते चालतं.

दुसरा हात ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे जुलैत, आणि तेव्हा तुम्ही गावात नसता. गडी ठरवून पैसे देऊन गेलात तरी जुलैत उघडीप मिळेल तेव्हाच तो चढणार, निसरड्या पोफळीवर. त्यापेक्षा मे अखेरीला फवारणी सुकली की घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या वरून छत्रीसारख्या बांधा, खालून उघड्या, म्हणजे हवा खेळते. पाऊस गेल्यावर काढायच्या. कष्ट आहेत, पण गैरहजर मालकाला हाच उपाय परवडतो.

मलम हवं असेल तर प्रमाण १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. मेमध्ये आंब्याच्या बुंध्यांना तीन फुटांपर्यंत लावून घ्या. खोडातून तांबूस रस गळणाऱ्या माडाचा रोगट भाग तासून त्यावरही हेच.

पोफळींचं आणखी एक. वादळात माड पडले तिथे सावली गेली आणि दुपारचं ऊन थेट पोफळीच्या खोडावर पडू लागलं. नैऋत्येकडची साल पिवळी पडून तडकते आणि पुढे वाऱ्याने झाड तिथेच मोडतं. पडलेल्या विऱ्या, म्हणजे पोफळीच्या पानांच्या बुडाची रुंद आवरणं, त्या बाजूला गुंडाळून बांधा. पैसा लागत नाही.

पाणी, खत आणि मीठ

पाच वर्षांवरच्या माडाला वर्षाला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश लागतं. दुकानातल्या भाषेत साधारण सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पावणेदोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट एकदम जूनमध्ये, बाकीच्या दोघांचे तीन भाग करून जून, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. जूनला नसाल तर मेच्या शेवटी नुसतं टाकून जाऊ नका, पहिले दोन पाऊस झाल्यावर घालायला कोणाला तरी सांगून जा. शिमग्याचा हप्ता ओल असेल तरच. बुंध्याला ढीग करायचा नाही. कामाची मुळं खोडापासून दोन मीटरच्या आत पसरलेली असतात, त्या वर्तुळात विखरून मातीत मिसळा. शिवाय पाच घमेली शेणखत, मुरलेलं.

मिठाबद्दल नेहमी विचारतात. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून माडाला मीठ घालतात आणि त्यात तथ्य आहे, माडाला क्लोरीन लागतं. पण म्युरेट ऑफ पोटॅश घातलं की ते त्यातून मिळतंच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून वर पोतंभर मीठ घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

उन्हाळ्यात मोठ्या माडाला ठिबकने रोज ३० ते ४० लिटर पाणी पुरतं. पंपाला टायमर बसवा, पण वीज जाते हे धरून चाला. म्हणून जमिनीत ओल टिकवणं महत्त्वाचं. पातेरा, म्हणजे पडलेला पालापाचोळा, जाळू नका. शिमग्याला लोक अंगण आणि आगर लखलखीत झाडून पातेऱ्याला काडी लावतात, ते बघून माझ्या पोटात कालवतं. सगळा पातेरा माडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत ओढा, वर सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पसरा. सोडणं वर पसरायची असतील तर पाठ वर, नाहीतर वाट्यांत पाणी साचून डास होतात. चर खणून पुरायची असतील तर उलट, पोकळ बाजू वर, म्हणजे ती पाणी धरून ठेवतात.

दारातला आंबा

घराभोवती चार हापूस कलमं आहेत म्हणून बागायतदारासारखं फवारणीचं वेळापत्रक धरू नका. मोहोरावर भुरी दिसली तर दहा लिटरला २० ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक पुरे. फळमाशीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बांधा आणि पडलेली किडकी फळं गोळा करून दोन फूट खोल पुरा. दरवर्षी हमखास धरावा म्हणून कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. विकायच्या बागेत जाणकार माणूस मोजूनमापून घालतो, ठीक. जे झाड वर्षातले दहा महिने कोणी बघत नाही, त्याला ते घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. न पोसता नुसतं फळवलेलं झाड थकतं.

बघायचं ते खोडकिड्याकडे. बुंध्यापाशी किंवा फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा पडलेला दिसला की वर भोक शोधा, तार घालून अळी ओढून काढा, आत रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा घाला आणि ओल्या मातीने तोंड लिंपा. आठवड्याने पुन्हा भुसा दिसला तर पुन्हा.

आणि बांडगूळ. हिरवंगार, फुलांनी लगडलेलं असतं, म्हणून आंब्यालाच काहीतरी छान आलंय असं वाटतं. त्याची चिकट फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि बी शेजारच्या फांदीवर पुसतो. नुसतं बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या लाकडात घुसलेली असतात. जिथे गाठ दिसते त्याच्या फूट-दीड फूट खाली, निरोगी भागात फांदी कापा, कापावर मलम लावा. दिवाळीच्या सुमारास, फळं पिकायच्या आत. शेजाऱ्याच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर त्यालाही सांगा, तेवढ्यावरून बोलणी बंद झाली तरी चालेल.

लॉनचं खूळ

पुतण्या म्हणतो, "काकू, पुढे लॉन करू, पाहुण्यांना बरं." मी त्याला हिशेब सांगितला. हजार चौरस फुटांना उन्हाळ्यात रोज चार-पाचशे लिटर पाणी, म्हणजे दहा-बारा माडांचा वाटा. विहीर तीच, मे महिनाही तोच. त्यातून करायचंच असेल तर माडाखाली हरळी लावू नका, तिला दिवसभर ऊन लागतं. रुंद पानाचं कार्पेट गवत सावली सोसतं. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उडवू नका आणि भिजलेलं गवत कापू नका. पावसाळ्यात मधेच पिवळे पट्टे पडले आणि गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं तर खाली हुमणी आहे, मुळं खाल्लेली आहेत. हुमणीचे भुंगे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि जवळच्या झाडांवर बसतात. तेव्हाच फांद्या हलवून, खाली पाडून साबणाच्या पाण्यात टाकायचे. आणि खुर्च्या माडाखाली मांडू नका. नारळ पडताना सांगून पडत नाही.

मागचा उतार

बऱ्याच घरांच्या मागे आगर संपलं की जांभ्याचा गडगा आणि वर उताराची जमीन असते: ऐन, किंजळ, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. तिथे करायचं काम थोडं, न करायचं जास्त. रानमोडी हे झपाट्याने पसरणारं तण उपटा, पण वेळ साधून: पाऊस संपल्यावर, माती मऊ असताना आणि ती फुलायच्या आत. नुसती कापली तर दुप्पट जोमाने फुटते. एकदा उपटली की तिथे सावली करणारं काहीतरी लावा, मोकळ्या जागेत ती परत येतेच.

वणव्यासाठी डिसेंबर-जानेवारीत हद्दीने तीन-चार मीटर रुंद पट्टा गवत कापून मोकळा करा. कापलेलं गवत तिथेच सोडलं तर पट्ट्याचा उपयोग नाही. आगरात आणून आळ्यांत घाला. पट्टा जाळून करायच्या फंदात पडू नका, खारा वारा दुपारी फिरतो आणि मग आग आपली राहत नाही. ढोली असलेलं जुनं झाड वाकडं, विद्रूप असलं तरी घरावर पडणार नसेल तर राहू द्या. धनेशाला घरटं करायला अशीच ढोली लागते.

तोडायचंच झालं तर आधी परवानगी. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, खैर, साग अशी झाडं आहेत. जमीन तुमच्या नावावर असली तरी ती तोडायला वनखात्याची परवानगी लागते. लाकूडवाला "मी बघतो सगळं" म्हणतो. त्याने काय बघितलं ते कागदावर मागा, कारण प्रकरण अंगाशी आलं तर सातबारा तुमचा असतो.

रिकाम्या जागा भरताना

वादळात गेलेल्या माडांच्या जागी रोपं लावणार असाल तर रस्त्यावरच्या टेम्पोतून घेऊ नका. भाट्ये, रत्नागिरी इथलं नारळ संशोधन केंद्र किंवा विद्यापीठाची रोपवाटिका, आधी फोन करून. बाणवली किंवा त्यातूनच निवडलेला प्रताप हे गैरहजर मालकाला बरे. संकरित जाती लवकर धरतात, पण खतपाण्याची हयगय सोसत नाहीत. रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं आणि बुंध्याशी जाड असावं. उंच आणि बारीक नको. दोन माडांत २५ फूट अंतर. आज ते फार वाटेल, पण जवळ लावलेले माड उन्हासाठी वाकडे जातात आणि पुढच्या वादळात तेच आधी पडतात. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल, शिमग्याला खणून उन्हात तापू द्या, मेमध्ये माती आणि शेणखताने साधारण निम्मा भरा आणि पाऊस रुळल्यावर त्या खोलीत रोप लावा. वरचा खड्डा एकदम बुजवू नका, रोप वाढेल तसा दरवर्षी थोडा भरा. कोंबात माती जाता कामा नये. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबत असेल तर उताराच्या बाजूने चर काढून द्या, आणि राखणदाराला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच रोपाच्या कोंबाचा वरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. हिरवं आगर दिसणारा लांबचा फोटो नको, कोंबाचा.